शुक्रवारची यादी: हेवी आणि एक्सपरिमेंटल म्युझिकबद्दल सारखे येणारे प्रश्न

दर शुक्रवारी रात्री मी ओळखीच्या लोकांना नवीन आलेल्या आल्बमची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, पाच-सहा नावं आणि प्रत्येकाखाली दोन ओळी. आधी ती चौघांनाच जायची, आता जुळे सोलापूरपासून अक्कलकोट रोडपर्यंत बऱ्याच जणांना जाते आणि शनिवारी सकाळी तेच तेच प्रश्न परत येतात. म्हणून एकदाचे सगळे एका जागी लिहून काढले. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत, आधी साधे मग अडचणीचे, आणि एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत लिहिलं नाही, तिथे फक्त नंबर दिलाय.

१. दादा, हेवी हेवी म्हणता ते नेमकं काय? आणि एक्सपरिमेंटल म्हणजे त्याहून वेगळं का?

हेवी म्हणजे मोठा आवाज नाही. मोबाईलवर आवाज बारीक करून ऐकलं तरी जे छातीवर बसल्यासारखं वाटतं ते हेवी. आवाजाला वजन असतं, ते येतं सूर खाली उतरवल्याने, गिटारच्या डिस्टॉर्शनने म्हणजे आवाज मुद्दाम फाडून खरखरीत केल्याने, आणि दोन ठोक्यांच्या मधे किती थांबायचं ते कळल्याने.

ह्याची सुरुवात मला फार जवळची वाटते म्हणून सविस्तर सांगतो. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं गाव. तिथे टोनी आयोमी नावाचा १७ वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये हात गेला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. सगळे म्हणाले आता गिटार विसर. कारखान्यातल्या एका साहेबाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली, ज्याची दोन बोटं भाजून निकामी झाली होती तरी तो युरोपातला नावाजलेला गिटारवाला होता. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं, हलक्या तारा घातल्या. पुढे तारा सैल पडाव्यात म्हणून सूरच खाली आणला, पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीनची तार काळी एकवर आणली. त्यातून जो जड, खोल आवाज निघाला तो त्याच्या ब्लॅक सॅबथ बँडचा. पहिला आल्बम १३ फेब्रुवारी १९७० चा आणि सूर एवढा खाली आणला तो १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’वर. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात मशीनमध्ये बोट गेलेला माणूस शोधायला दोन गल्ल्याही जावं लागत नाही, त्यामुळे हे संगीत परक्यांचं आहे असं मला कधीच वाटलं नाही.

एक्सपरिमेंटल म्हणजे मुखडा-अंतरा-मुखडा हा ठरलेला रस्ता सोडलेलं. तिथे चाल मुख्य नसते, आवाजाचा पोत मुख्य असतो. दोन्ही वेगळे आहेत पण सरहद्दीवर एकमेकांत घुसतात आणि माझी यादी बरीचशी त्या सरहद्दीवरचीच असते.

२. मी आजपर्यंत फक्त हिंदी गाणी आणि अजय-अतुल ऐकलंय, सुरुवात कुठून करू?

सॅबथच्या पहिल्या आल्बमचं पहिलं गाणं लावा. आधी पाऊस, लांबून घंटा, मग तीन सुरांचा रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, हळू. सहा मिनिटांत कळेल की हे तुमचं आहे का नाही. पटलं तर डेफहेवनचं ‘सनबेदर’ (२०१३) ऐका, गुलाबी कव्हरचं, त्यात ब्लॅक मेटल ह्या हेवीच्या जहाल शाखेचा किंचाळता आवाज आहे पण गिटार एवढी गोड आहे की नवा माणूस टिकतो. लगेच सगळ्यात जहाल असलेलं शोधायला जाऊ नका, आधी कानाला सवय होऊ द्या. आणि एक काम करा, पहिल्या महिन्यात एका आठवड्याला एकच आल्बम, पण पूर्ण, मधे न थांबता. शफल बंद.

३. गाणारा नुसता ओरडतो, एक शब्द कळत नाही. ह्यात गाणं कुठंय? घसा फाटत नाही का?

मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावाला एखादा नवखा माणूस सकाळभर ओरडला की दुपारी त्याचा आवाज बसलेला असतो. ग्राउल करणारा गायक दोन महिने रोज रात्री तासभर करतो आणि आवाज बसत नाही, कारण तो ओरडतच नाही. आपल्या खऱ्या स्वरतंतूंच्या जरा वर आणखी दोन पडदे असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात, ग्राउलमध्ये मुख्यतः ते थरथरतात आणि हवा पोटातून नियंत्रित येते. रशियातल्या तुवा प्रांतातले लोक घशातून जो खर्ज गातात त्यातही हेच पडदे वापरतात. म्हणजे हे तंत्र आहे, रियाज लागतो, चुकीचं केलं तर घसा खराब होतो, म्हणून यूट्यूबवर एक व्हिडिओ बघून बाथरूममध्ये सुरू करू नका.

शब्दांचं म्हणाल तर तो आवाज एक वाद्य आहे असं धरून ऐका, बोल नंतर वाचा. ओपेथचा ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ (नोव्हेंबर २०२४) हा ह्याचा सगळ्यात चांगला धडा आहे. गोष्ट अशी की घरचा कर्ता पुरुष वारला, वारस जमलेत, मृत्युपत्र वाचलं जातंय, आणि एकेक गुपित बाहेर पडतंय. गाण्यांना नावं नाहीत, कलम एक, कलम दोन अशी सात कलमं आणि शेवटी एकच गाणं नावाचं. मिकाएल ओकरफेल्टने २००८ नंतर आल्बमवर ग्राउल सोडलेला, तो इथे परत आणला आणि मेलेल्या बापाचा आवाज म्हणून वापरला. जमिनीच्या वाटणीवरून भावकीत बोलाचाल बंद झालेली घरं ज्यांनी बघितलीत त्यांना तो आवाज का गरजेचा आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. जेथ्रो टल ह्या जुन्या इंग्लिश रॉक बँडचा इयन अँडरसनही आहे त्यात, बासरी आणि निवेदन.

४. परवा तुम्ही पाठवलेल्यात वीस मिनिटं एकच सूर होता. हे काय संगीत झालं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात आवडतो. त्याला ड्रोन म्हणतात. आणि ड्रोन समजायला महाराष्ट्रातल्या माणसाला कुठे जायची गरज नाही, तानपुरा म्हणजे ड्रोनच आहे.

तानपुऱ्याजवळ कान नेऊन बघा. चार तारा, घोडीवर तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवून जवारी लावलेली. तार छेडली की आधी सूर येतो, मग त्याच्या पोटातून दुसरा वर येतो, मग तिसरा, जे कोणी वाजवलेलेच नाहीत. आमच्या शेजारी गाण्याचा क्लास आहे, मी लहानपणी जिन्यात बसून ते ऐकायचो, गाणं सुरू व्हायच्या आधीची पाच मिनिटं मला गाण्यापेक्षा जास्त आवडायची. त्या बाईंना एकदा मी सन ह्या बँडचं ‘लाइफ मेटल’ (२०१९) ऐकवलं, नाव लिहिताना पुढे ओ आणि तीन कंस असतात पण उच्चार नुसता सन. त्यांनी डोळे मिटले, दोन मिनिटांनी खर्जात सा लावला आणि म्हणाल्या, जवारी उघडी आहे रे ह्याची. एवढं नेमकं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही. डिस्टॉर्शन गिटारला तेच करतं जे जवारी तानपुऱ्याला करते, एका सुरातून त्याचे नातेवाईक बाहेर काढते.

आणि हे नुसतं साम्य नाही, प्रत्यक्ष नातं आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले. त्यांचे नात्यातले भाऊ अब्दुल वहीद खाँ, त्यांचे शिष्य पंडित प्राणनाथ. प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि ला माँट यंग, टेरी रायली हे तिथले प्रयोगशील संगीतकार त्यांचे गंडाबंध शिष्य झाले. यंग आधीपासून लांब सुरांवरच काम करत होता, प्राणनाथांकडून त्याला एका स्वरात किती खोल जाता येतं ते मिळालं. ह्या मंडळींचं ऐकून सिएटलकडच्या डिलन कार्लसनने अर्थ बँडमधून ते हेवी गिटारवर आणलं, ‘अर्थ २’ १९९३ चा, तीन तुकडे मिळून सत्तर मिनिटांच्या वर. आणि सन बँड सुरूच झाला अर्थला मानवंदना म्हणून. मिरजेच्या तानपुऱ्याचे भोपळे आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात पिकतात. म्हणजे ह्या सगळ्या आवाजाचं एक टोक आपल्या जिल्ह्यातल्या शेतात आहे, हे आठवलं की मला दर वेळी भरून येतं.

ऐकायचं कसं? सुरू होईल तेव्हा काहीतरी घडायची वाट बघू नका. आतले थर मोजा. खालून वर कोणता सूर येतोय, तो किती टिकतो. काली मेलोनचा ‘ऑल लाइफ लाँग’ (२०२४) लावा, त्यात चर्चमधला मोठा पाइप ऑर्गन आहे, डिस्टॉर्शन अजिबात नाही, ड्रोनची सवय व्हायला तो सौम्य आहे.

५. ताल मोजायला जातो आणि चुकतोच. मेशुगाला पायाने ठेका धरताच येत नाही.

धरता येतो, फक्त रिफवर धरू नका, झांजेवर धरा. मेशुगा स्वीडनचे. त्यांचा ड्रमर उजव्या हाताने साधा चार-चारचा ठेका सोडतच नाही, खाली पाय आणि गिटार मिळून वेगळ्याच लांबीचा तुकडा फिरवत राहतात. समजा तुकडा ११ मात्रांचा आहे आणि वर चार-चार चाललंय, तर दोघं परत एकत्र येणार ४४ व्या मात्रेनंतर. तबल्यात तिहाई समेवर येऊन पडते तेव्हा आपण ‘वा’ म्हणतो ना, तेच, फक्त इथे सम लांब असते आणि कोणी सांगत नाही कुठंय. ‘आय’ नावाचा त्यांचा २००४ चा एकच २१ मिनिटांचा तुकडा आहे, तो चार-पाचदा ऐकला की कान आपोआप वाट बघायला लागतो.

मला हे कान घरून मिळाले. आमच्या शेडमध्ये बारा माग होते. दोन माग शेजारी चालू असतात, दोघांचा वेग जवळजवळ सारखा पण अगदी सारखा नाही, पट्टा एकाचा जरा ढिला असतो. सुरुवातीला धोट्याचे दोन्ही ठोके एकावर एक पडतात, खट, खट. थोड्या वेळाने दुसरा किंचित मागे राहतो, खटक, खटक. मग अंतर वाढत वाढत बरोबर मध्यावर येतं आणि वेग दुप्पट झाल्यासारखा वाटतो, घोडा पळाल्यासारखा, मग परत जवळ येत येत एक होतात. लहानपणी मी बाजेवर पडून तेवढंच ऐकायचो, अर्धा अर्धा तास. वडील बाहेर कट्ट्यावर बसलेले असले तरी बारातल्या कोणत्या मागाचा धोटा बिघडलाय ते आवाजावरून ओळखून उठायचे. पुढे कळलं की स्टीव्ह राइश ह्या अमेरिकन संगीतकाराने १९६५ मध्ये दोन टेप मशीनवर तीच टेप लावली, मशीनचा वेग किंचित वेगळा म्हणून आवाज एकमेकांपासून सरकत गेले आणि त्यातून त्याने एक पद्धतच काढली, १९६७ चं ‘पियानो फेज’ हे त्याचं नाव झालेलं काम. दोन पियानो, तीच धून, एक हळूहळू पुढे निघतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी एकदम शेडमध्ये होतो. माग आता विकले, पण तो आवाज मला तिथे सापडतो.

६. सध्या नवीन काय ऐकावं? एकदम पाच नावं सांग की बे.

ब्लड इन्कँटेशनचा ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’, ४ ऑक्टोबर २०२४, हे पहिलं नाव आणि दुसऱ्या क्रमांकात बरंच अंतर आहे. डेनव्हरचा डेथ मेटल बँड, बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केलं. आख्ख्या आल्बमला दोनच गाणी, प्रत्येकाचे तीन भाग, सगळं मिळून साधारण ४३ मिनिटं. पहिल्या गाण्यात डेथ मेटलचा मारा चालू असतो आणि मधेच जमीन निघून गेल्यासारखं सगळं सुटतं, सिंथेसायझरचं तरंगतं संगीत सुरू होतं, त्यात टँजरिन ड्रीम ह्या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा थॉर्स्टन क्वेशनिंग आहे. बाकीचे बँड असा भाग शोभेला लावतात, इथे तो गाण्याचा पाठीचा कणा आहे, परत मारा सुरू होतो तेव्हा आधीचा मारा तुम्हाला वेगळाच आठवतो. मी हा आल्बम पहिल्यांदा गच्चीवर ऐकला, ऑक्टोबरची रात्र, उकाडा होता, आणि संपल्यावर परत पहिल्यापासून लावला.

ओरान्सी पाझुझूचा ‘मूनताउतुया’, त्याच ऑक्टोबरचा, फिनलंडचा. ब्लॅक मेटल जेवढं विरघळवता येईल तेवढं विरघळवलंय, इलेक्ट्रॉनिक आवाज आणि गिटार कोणतं कुठलं ते ओळखू येत नाही. अल्सरेटचा ‘कटिंग द थ्रोट ऑफ गॉड’, जून २०२४, न्यूझीलंड, ड्रमिंगसाठी ऐका. डेफहेवनचा ‘लोनली पीपल विथ पॉवर’, मार्च २०२५, प्रश्न २ मधल्या ‘सनबेदर’नंतर हाच. आणि स्वान्सचा ‘बर्थिंग’, मे २०२५, दोन तासांच्या जवळ, एका बैठकीत होत नसेल तर दोन रात्री करा पण गाणं मधे तोडू नका.

७. नवीन आल्बम शुक्रवारीच का येतात?

१० जुलै २०१५ पासून जगभर रिलीजचा वार शुक्रवार ठरलाय, त्याआधी देशोदेशी वेगळे वार होते आणि एका देशात आलं की दुसरीकडे चोरून पोचायचं. स्ट्रीमिंगवर साधारण गुरुवारी रात्री बारा वाजता दिसायला लागतं. मी आवडत्या लेबलांना, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांना, बॅण्डकॅम्पवर (बँड जिथे आपलं संगीत थेट विकतात ती वेबसाइट) फॉलो करून ठेवलंय, ईमेल येतो, तेवढं पुरतं. अल्गोरिदमवर बसून राहिलात तर काल जे ऐकलं त्यासारखंच उद्या मिळणार.

८. सगळं फुकट ऐकायला मिळतंय तर विकत कशाला घ्यायचं? आणि घ्यायचं तर पैसे कसे द्यायचे, यूपीआय चालतं का?

स्ट्रीमिंगवर लहान बँडला काय मिळतं ते बघा. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय की एखाद्या ट्रॅकला मागच्या बारा महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नसतील तर रॉयल्टीच मोजायची नाही. आपण ऐकतो त्यातल्या कितीतरी बँडचे ट्रॅक तिथेच अडकतात. बॅण्डकॅम्पवर डिजिटल आल्बम घेतला तर ते १५ टक्के ठेवतात, पेमेंटची फी वेगळी, बाकी कलाकाराला किंवा त्याच्या लेबलला. २० मार्च २०२० पासून ते बॅण्डकॅम्प फ्रायडे करतात, त्या दिवशी हे १५ टक्केही घेत नाहीत. सगळ्याच महिन्यांत नसतो, तारखा आधी जाहीर होतात, मी त्या दिवसासाठी यादी साठवून ठेवतो.

पैसे मी डेबिट कार्डनेच देतो. ‘कार्ड डिक्लाइन झालं’ असा मेसेज मला दर महिन्याला कोणाचा तरी येतो, त्याचं कारण बहुतेक वेळा एकच. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाने नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. लिमिट हजार-दोन हजारच ठेवा आणि काम झालं की परत बंद करा. विकत घेतलं की फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल) डाउनलोड करून हार्ड डिस्कवर ठेवा, का ते प्रश्न १३ मध्ये.

९. रेकॉर्ड प्लेअर घेतलाय, परदेशातून एलपी मागवू का?

विचार करून. पोस्टेज बरेचदा रेकॉर्डएवढंच पडतं, वर इथे कर. माझा एक पार्सल तीन आठवडे कुठेतरी पडून होता, मे महिना, हातात आला तेव्हा कव्हर सरळ आणि आतली रेकॉर्ड बशीसारखी वाकलेली, सुई तिच्यावर वरखाली नाचत होती. दोन बाजूंचं ड्रोन होतं, फार जपून निवडलेलं. तेव्हापासून मी मार्च ते जून बाहेरून काहीच मागवत नाही, आपल्याकडे ४२-४३ डिग्रीत विनाइल टिकणार नाही असंच धरा. घरातही उभी ठेवा, आडवी थप्पी नको आणि पत्र्याखालच्या खोलीत तर अजिबात नको.

१०. भारी हेडफोन लागतो का? आणि किती आवाजात ऐकायचं, कान जातील का?

भारी नाही, वायरचा, कानावर पूर्ण बसणारा, मध्यम किमतीचा पुरतो. फोनच्या स्पीकरवर मात्र नको, त्यातून खालचे सूर बाहेरच पडत नाहीत आणि मग तुम्ही मला विचारता ह्यात काय आहे.

कानांचं मनावर घ्या. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबल ४० तास एवढी मर्यादा सांगते, ९० डेसिबल झाले तर तेच फक्त ४ तास. मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतीसमोर उभं राहून कानात दुसऱ्या दिवशीपर्यंत शिट्टी वाजलेली ज्यांनी अनुभवलीय त्यांना सांगतो, ती शिट्टी म्हणजे इजा आहे. आमच्या घरातली मागावर आयुष्य काढलेली माणसं म्हातारपणी दोनदा हाक मारल्याशिवाय बघत नाहीत. मला सत्तराव्या वर्षीही नवीन रिलीज ऐकायचेत, म्हणून मी लाइव्हला इअरप्लग घालतो आणि तुम्हीही घाला. इअरप्लग घातल्याने मजा जात नाही, ड्रोन तर हाडातून कळतो.

११. भारतात असं कोणी करतं का? सगळी नावं परदेशीच असतात.

करतात, आणि बरीच वर्षं. आपल्या राज्यातच मुंबईचे डेमॉनिक रिझरेक्शन, भयानक मौत, स्क्राइब, गटस्लिट, डर्ज. डर्ज ऐकाच, मुंबईच्या दमट हवेसारखं संथ आणि जड. बंगळुरूचे क्रिप्टोस जुन्या धाटणीचं हेवी मेटल करतात. दिल्लीचे ब्लडीवूड, ढोल आणि पंजाबी-हिंदी-इंग्रजी मिसळून, ‘रक्षक’ २०२२ चा आणि ‘नू देली’ मार्च २०२५ चा, घरात सगळ्यांसमोर लावता येईल असा हाच.

एक्सपरिमेंटलमध्ये दोन गोष्टी माहीत असायलाच पाहिजेत. एक, चरणजीत सिंग, हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे वादक, त्यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले, तेव्हा कोणी फारसं घेतलं नाही, २०१० मध्ये परत प्रसिद्ध झालं आणि जग थक्क झालं, कारण पुढे जे अ‍ॅसिड हाउस (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) म्हणून गाजलं ते ह्यात आधीच ऐकू येतं. दोन, अहमदाबादच्या एनआयडी ह्या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत १९६९ ला अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला, तिथे गीता साराभाई आणि इतरांनी टेपवर प्रयोग केले, त्या टेप नंतर कपाटात पडून राहिल्या आणि २०२३ मध्ये आल्बम होऊन बाहेर आल्या. आपल्याकडे १९६९ ते ७२ मध्ये हे चाललं होतं. शाळेत कोणी सांगितलं नाही.

हलगी आणि हेवी गिटार एकत्र ऐकायची माझी फार इच्छा आहे. हलगी शेकोटीवर शेकून कातडं ताणल्यावर जी कडाडते, तो आवाज ब्लास्टबीटच्या, म्हणजे मेटलमधल्या अतिवेगवान ड्रमच्या माऱ्याच्या, तोडीचा आहे. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत ऐकला की दर वर्षी डोक्यात तेच येतं.

१२. आई म्हणते हे सैतानाचं आहे. आणि काही बँड खरंच वाईट आहेत असं वाचलं, मग ऐकायचं का?

आईला खोटं ठरवू नका, सोबत बसून एक गाणं ऐकवा आणि बोल मराठीत सांगा. बहुतेक गाणी मरण, युद्ध, एकटेपण, कारखाना, दुःख ह्यावर असतात, म्हणजे कीर्तनात जे विषय येतात तेच. उलटे क्रॉस वगैरे बरेचदा नाटक असतं.

पण बरेचदा, नेहमी नाही. नॉर्वेत ९० च्या दशकात चर्च खरोखर जाळली गेली. बर्झमचा वार्ग विकरनेस मेहेम बँडच्या गिटारिस्टच्या खुनासाठी, १९९३ च्या, आणि चर्च जाळल्याबद्दल दोषी ठरला. ब्लॅक मेटलमध्ये नाझी विचारांची एक शाखाही आहे. माझा नियम साधा आहे, जो माणूस दुसऱ्या जातीच्या, धर्माच्या माणसांना संपवा म्हणतो त्याचं कितीही चांगलं वाजत असलं तरी माझा रुपया जात नाही आणि माझ्या यादीत नाव येत नाही. यादीत टाकण्याआधी मी मुलाखती आणि लेबल बघतो. तरी माझ्याकडून सुटलं तर सांगा, पुढच्या शुक्रवारी मी तसं लिहून काढून टाकतो, असं एकदा केलंही आहे.

१३. यादीतला आल्बम अ‍ॅपवर सापडतच नाही किंवा मागच्या महिन्यात होता आणि आता गायब.

खूप लहान बँड फक्त बॅण्डकॅम्पवरच असतात, आधी तिथे बघा. आणि काहींनी स्वतःहून काढलंय. २०२५ मध्ये किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्डने स्पॉटिफाय सोडलं, तिथल्या तेव्हाच्या प्रमुखाने युद्धतंत्रज्ञानाच्या कंपनीत पैसे घातले म्हणून, त्यानंतर गॉडस्पीड यू ब्लॅक एम्पररनेही स्ट्रीमिंगवरून आपलं संगीत उतरवलं. त्यांच्या बाजूने मला पटतं, आणि ज्यांनी फाइल विकत घेतली होती त्यांचं काहीच गेलं नाही.

१४. एका गाण्याचा आल्बम, एका सेकंदाचं गाणं, ह्याला काही नियम आहे का?

नाही. नेपाम डेथचं ‘यू सफर’ (१९८७) सव्वा सेकंदाच्या आसपास आहे आणि स्लीपचा ‘डोपस्मोकर’ एकच गाणं, तासाच्या वर. दोन्हीत एक पूर्ण कल्पना आहे.

१५. नुसता खरखराट असलेला आल्बम पाठवलात. हे कोणीही करू शकतं. खरं आणि फसवं ओळखायचं कसं?

जपानचा मासामी अकिता, म्हणजे मर्झबो, त्याचा ‘पल्स डेमन’ १९९६ चा. पहिल्या ऐकण्यात टीव्हीचा केबल गेल्यासारखं. मी तीन वेळा अर्ध्यात बंद केला, चौथ्यांदा पूर्ण ऐकला. तेव्हा लक्षात आलं की खरखर सतत बदलतेय, आणि बदल कुठे करायचा हे कोणीतरी ठरवतंय, कान देऊन. माझी कसोटी तीच, परत ऐकल्यावर तो आल्बम आधीपेक्षा जास्त तपशीलवार होतो का. खऱ्यात दर वेळी नवीन काही सापडतं. फसव्यात पहिल्या मिनिटाला होतं तेवढंच शेवटी असतं. नाव मोठं आहे म्हणून आवडून घेऊ नका, तीनदा प्रामाणिकपणे ऐकून नाही आवडलं तर नाही आवडलं. मला स्वतःला ग्राइंडकोरचे (अतिवेगवान, अगदी छोट्या गाण्यांचा प्रकार) बरेचसे बँड आजही लागत नाहीत.

१६. सोलापुरात लाइव्ह कधी बघायला मिळणार?

सध्या तरी गाडी पकडावी लागते. पुण्यासाठी पहाटेची हुतात्मा, मुंबईसाठी रात्रीची सिद्धेश्वर, बंगळुरूसाठी उद्यान एक्सप्रेस. ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळुरूला मेटालिका झालं तेव्हा मी उद्याननेच गेलो, जनरलच्या डब्यात, सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि डब्यात काळे टी-शर्ट घातलेली अजून सहा पोरं निघाली, त्यातले दोघं आज ह्या यादीत आहेत. परतीचं तिकीट आधी काढा, शो संपल्यावर काही सुचत नाही.

१७. मी स्वतः काहीतरी बनवलंय. यादीत घ्याल का?

गुरुवारी रात्रीपर्यंत पाठवा, फाइल किंवा लिंक. सोबत लिहा कोणत्या मिनिटाला काय होतं आणि ते का केलं. मी पूर्ण ऐकतो आणि उत्तर देतो, आवडलं नाही तरी देतो. मागच्या महिन्यात विडी घरकुलमधल्या एका पोराने साडेचार मिनिटांची फाइल पाठवली. फोन शेडच्या खिडकीत ठेवून रेकॉर्ड केलेले दोन माग, वेग निम्म्यावर आणलेला, खाली त्याने बेस गिटारचा एकच सूर धरलाय. ठोके सरकत जातात, मध्यावर येतात, परत एक व्हायला लागतात, आणि अगदी एक होणार तेवढ्यात एका मागाचा धोटा अडकतो, माग थांबतो, मागून कोणीतरी तेलुगूत हाक मारतं आणि फाइल तिथेच संपते. त्या शुक्रवारी ती पहिल्या नंबरवर होती.